धनकोंची यादी

माझ्याकडे अधूनमधून माणसे चौकशीला येतात. काही ओळखीची असतात, काही ओळखीच्यांनी पाठवलेली. चप्पल काढताना ती एकदा मागे वळून रस्ता पाहतात. पाणी घेतात, चहा नको म्हणतात, आणि माझी पत्नी आत गेली की विषय काढतात. अकोल्यात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करून त्यातून बाहेर पडलेला माणूस म्हणून त्यांना माझे नाव ठाऊक असते. वकिलाला विचारायला लाज वाटते ते मला विचारता येते.

प्रश्न ठरलेले आहेत. तुरुंगात टाकतात का? बायकोचे मंगळसूत्र नेतात का? मुलाच्या नोकरीवर येते का? अर्ज केला की दुसऱ्या दिवसापासून सगळे माफ होते का? मी वकील नाही हे आधी सांगतो आणि मग मला जे कळले ते सांगतो. तुरुंग नाही. मंगळसूत्र, अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे यांना कोणी हात लावत नाही. मुलाने सही केली नसेल तर मुलाचा संबंध नाही. आणि दुसऱ्या दिवशी काहीही माफ होत नाही. पुढे बरीच वर्षे जातात.

शेवटी त्यांनी न विचारलेले एक सांगतो. ज्याचे ज्याचे देणे आहे, त्या प्रत्येकाचे नाव यादीत लिहा. एकही गाळू नका. ते मान हलवतात आणि उठतात. मी हे का सांगतो, ते त्यांना सांगत नाही. ते इथे लिहितो. त्या यादीपायी मी माझी बहीण गमावली. ती जिवंत आहे. अमरावतीला राहते.

माझा छापखाना होता. लग्नपत्रिका हे मुख्य काम. जोडीला शाळांच्या उत्तरपत्रिका, दुकानांची बिलबुके, निवडणुका आल्या की पत्रके. वऱ्हाडातल्या लग्नपत्रिकेत मजकूर चार ओळींचा आणि नावे शंभर. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, मामेकुळी, समस्त परिवार. एखादे नाव गळले, किंवा थोरल्याच्या आधी धाकट्याचे पडले, की मांडवात ताटावरून माणसे उठत आणि पुढे दहा वर्षे एकमेकांच्या दारात जात नसत. म्हणून मी एक रीत ठेवली होती. नावे पुरुष लिहून आणत. पण छापण्याआधी मी त्या घरातल्या थोर बाईला बोलावून घेत असे आणि सगळी यादी तिला मोठ्याने वाचून दाखवत असे. पुरुषाला कोण आहे ते आठवते. कोण राहिले, ते बाईच सांगते. एकदा एका आजीबाईंनी डोळे मिटून साठ नावे ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘अन मधल्या पोराची सासू? ते मेली का?’’ ती मेली नव्हती. मशीन चालू करण्याआधी नाव घातले.

मग लोक पत्रिका फोनवर पाठवू लागले. छापायच्या त्या देवापुढे ठेवण्यापुरत्या आणि मामाला हातात देण्यापुरत्या, पंचवीस-तीस. नेमक्या त्याच्या आदल्या वर्षी मी बँकेचे कर्ज काढून मोठी ऑफसेट मशीन घेतली होती. माझा अंदाज चुकला. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

पहिली नोटीस आली तेव्हा बहीण अमरावतीहून आली. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. लग्नानंतर चौथ्या वर्षी विधवा झाली, मूल नव्हते. सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. अमरावतीत दोन खोल्यांत ती भाड्याने राहत असे. घरमालकाला त्या खोल्या विकायच्या होत्या आणि निवृत्तीचा पैसा तिने त्यासाठी बाजूला ठेवला होता. त्यातला मोठा भाग तिने चेकने माझ्या छापखान्याच्या खात्यात भरला. मी मागितला नव्हता. नाही म्हणालोही नव्हतो.

‘‘हे कर्ज म्हणून घेतो,’’ मी म्हणालो, आणि छापखान्याच्या कागदावर तसे लिहून खाली सही केली.

ती हसली. ‘‘भाऊ बहिणीले चिठ्ठी लिहून देऊन राहिला! शिक्का मारला का? मार बापा, नाहीतर कोर्टात चालायचं नाई.’’

मी शिक्का मारला. तिने चिठ्ठी घडी करून बटव्यात ठेवली.

तो पैसा दीड वर्ष पुरला. मग कागदवाल्याने माल देणे थांबवले, दोन कामगारांचे पगार राहिले, आणि एका दुपारी मी वकिलांकडे गेलो. ते वयाने माझ्या मुलाएवढे होते. माझ्या हातातल्या पिशवीकडे त्यांनी पाहिले.

‘‘काका, पिशवीत काय आहे?’’

‘‘दोन जोड कपडे. रक्तदाबाच्या गोळ्या.’’

‘‘गावाला निघालात?’’

‘‘कुठे नेतात ते तुम्हीच सांगायचे.’’

ते हसू लागले आणि माझा चेहरा पाहून थांबले. म्हणाले, देणे फिटत नाही म्हणून तुरुंगात जाण्यापासून वाचवायलाच हा कायदा आहे. आहे ते सगळे न्यायालयापुढे मांडायचे, नेमलेला रिसिव्हर ते विकून धनकोंत वाटतो, आणि आपण प्रामाणिकपणे वागलो असे न्यायालयाला पटले तर काही काळाने उरलेल्या देण्यातून मुक्तता मिळते. ‘‘पण काका, लपवलं किंवा शपथेवर खोटं लिहिलं, तर मात्र ही पिशवी लागू शकते.’’ ज्याचे देणे आहे तो धनको आणि ज्याने द्यायचे तो ऋणको, हे शब्द मी तिथे पहिल्यांदा माझ्यासाठी वापरलेले ऐकले. छापले अनेकदा होते.

घरी आलो तर पत्नीचा गळा मोकळा होता. मंगळसूत्र तिने हळदीच्या डब्यात पुरले होते. तांब्याचा हंडा, दोन घागरी, परात आणि माझ्या आईच्या समया चौकातल्या बाइंडरच्या घरी पोहोचत्या झाल्या होत्या. हे बाइंडर मियाँभाई तीस वर्षे माझ्या बिलबुकांची बांधणी करत होते आणि त्यांची वर्षभराची मजुरी माझ्याकडे राहिली होती. धनकोच्या घरी भांडी लपवणारी बाई माझ्या पत्नीखेरीज दुसरी नसेल. मी जाऊन सांगितले, तसे दुसऱ्या दिवशी ते सगळे हातगाडीवर घालून भर बाजारातून घेऊन आले.

‘‘भाभी, घ्या तुमचा हंडा. वकीलसाहेब म्हणते, घरात ठेवला तं माफ, लपवला तं गुन्हा. असा कायदा म्या जिंदगीत नाई पाह्यला.’’ मग माझ्याकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘भाऊसाहेब, माहं नाव लिवलं ना यादीत?’’

‘‘लिहिणार आहे.’’

‘‘कितव्या नंबरवर?’’

‘‘सातव्या.’’

‘‘अन बँक?’’

‘‘पहिली.’’

‘‘म्हणजे एकाच पंगतीत! चाला, बँकेच्या पंगतीत बसाले भेटलं हेही नसे थोडं.’’

पुण्याहून मुलाचा फोन आला. ‘‘बाबा, माझ्या ऑफिसात कळेल का?’’ मी त्याला सांगितले की त्याची कुठेही सही नाही आणि त्याला कोणी विचारणार नाही. तो ‘बरं’ म्हणाला. मग माझ्या तब्येतीची चौकशी केली.

यादी मी छापखान्यातल्या तपासणीच्या टेबलाशी बसून लिहिली. बँक. कागदवाला. शाईवाला. प्लेट बनवणारा. जागेचा मालक. वीज. बाइंडर. दोन्ही कामगार. किराणा. औषधाचे दुकान. मशीन दुरुस्त करणारा. पतसंस्था. दूधवाला. चौदा नावे झाली. प्रत्येकाचा पत्ता, प्रत्येकाची रक्कम. अक्षर चांगले आले.

‘‘कोणी राहिलं का?’’ वकिलांनी विचारले. ‘‘मित्र, नातेवाईक, हातउसने?’’

‘‘नाही.’’

बहिणीचे नाव मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर ही गोष्ट वेगळी झाली असती. मी ते लिहायला घेतले नाही. आमच्याकडे भाऊ बहिणीला देतो. तिच्याकडून घेत नाही. आणि घेतलेच तर चारचौघांत सांगत नाही. दूधवाला, शाईवाला, पतसंस्था यांच्या ओळीत तिला बसवायचे, कोर्टाची नोटीस घेऊन पोस्टमन तिच्या दारात जायचा, घरमालकाने विचारायचे, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. आणखी एक समजूत होती. यादीत गेलेले देणे बुडाले, यादीबाहेर राहिलेले शाबूत राहिले, असे मी धरून चाललो होतो. इतरांना वाट्याला येईल ते येईल. तिचे मी पुढे पूर्ण फेडीन. मला ते तिचा मान राखणे वाटले.

कायद्यात असे काही नाही. मुक्तता झाली की लिहिलेले आणि न लिहिलेले दोन्ही संपते. फरक एवढाच की ज्याचे नाव आहे त्याला विक्रीतला वाटा मिळतो, आणि ज्याचे नाही त्याने वेळेत स्वतः येऊन सांगितले नाही तर त्याला तोही मिळत नाही. हे मला कोणी सांगितले नाही, कारण मी कोणाला विचारले नाही. यादी खरी आणि पूर्ण आहे असे शपथेवर लिहून दिले आणि खाली सही केली.

चौदा जणांना नोटिसा गेल्या. सुनावणीच्या दिवशी माझी तपासणी झाली. बँकेचे वकील सावकाश बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझ्या छापखान्याच्या खात्याचा उतारा समोर ठेवला आणि एका नोंदीवर पेन्सिल टेकवली.

‘‘ही रक्कम कोणाकडून आली?’’

‘‘बहिणीकडून.’’

‘‘परत केली?’’

‘‘नाही.’’

‘‘यादीत दिसत नाही.’’

‘‘घरची बाब आहे.’’

न्यायाधीशांनी वर पाहिले. ‘‘घरची म्हणजे काय? कर्ज की भेट?’’

मी उत्तर दिले नाही. माझ्या वकिलांनी तारीख मागून घेतली. न्यायालयाने तारीख दिली, आणि बहिणीला साक्षीला बोलावण्याचे समन्स काढले. जो कागद तिच्या दारी जाऊ नये म्हणून मी तिचे नाव गाळले होते, तो गेलाच.

बाहेर व्हरांड्यात वकील प्रथमच माझ्यावर चिडले. ‘‘काका, मी विचारलं होतं ना तुम्हाला?’’ मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. कर्ज म्हणून मान्य करायचे, यादी दुरुस्त करायला अर्ज द्यायचा. बहिणीला वाटा मिळेल, पण शपथपत्र खोटे ठरेल, बँक म्हणेल की पैसा घरात वळवायला आता बहिणीला उभे केले, अर्ज फेटाळला जाईल, कदाचित आणखीही काही होईल. किंवा ती भेट होती असे ठरायचे. मग काही अडचण नाही, आणि तिला काही नाही. ‘‘काय झालं होतं ते तुम्हाला माहीत. त्या काय म्हणतात त्यावर आहे.’’

मी सकाळच्या एसटीने अमरावतीला गेलो. तिने दार उघडले, पाण्याचा तांब्या दिला, आणि पदराला हात पुसत समोर बसली. समन्स टेबलावर होते.

‘‘दादा, माहं नाव काहून नाई लिवलं?’’

मी तयार करून आणलेली वाक्ये बोलू लागलो. ती ऐकत राहिली.

‘‘वहिनीनं फोनवर सांगितलं का साऱ्याइले नोटिसा गेल्या. म्या म्हटलं, आपल्याले येईन. तीन आठवडे पोस्टमनले इचारलं. तो म्हणे, मावशी, लग्न जमून राहिलं का काही? एवढी वाट पाहून राहिल्या. म्या एक फाइल बी आणून ठेवली होती. म्हटलं, कोर्टात जाऊ, अन न्यायाधीशाले सांगू का बाकीचे काही म्हणोत, माही काही तक्रार नाई. भाऊ खरा माणूस हाये.’’ तिने पदराची कड दुमडली. ‘‘दूधवाल्याले आली. मले नाई.’’

‘‘तुले कोर्टात कशाले ओढू?’’

‘‘मंग हे काय हाये?’’ तिने समन्सवर बोट ठेवले. ‘‘ओढलंच ना? साक्षीदार म्हणून. परक्या बाईवानी.’’

मी तांब्या खाली ठेवला.

‘‘म्या पैसे मागतले का तुले कधी?’’

‘‘नाई.’’

‘‘मंग काहून भेला?’’

‘‘भेलो नाई. लाज वाटली.’’

‘‘बहिणीची?’’

‘‘बहिणीकडून घेतल्याची.’’

‘‘घेतले तवा नाई वाटली. लिवाची वाटली.’’

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. ती उठून खिडकीपाशी गेली आणि काही न घेता परत आली.

‘‘लोकं पत्रिका छापाले येत तवा घरच्या बाईले वाचून दाखवल्याबिगर तू मशीन चालू करे नाई. हे यादी कोणाले वाचून दाखवली?’’

‘‘कोणालेच नाई.’’

‘‘वहिनीले तरी?’’

‘‘नाई.’’

पत्नीला वाचून दाखवली असती तर तिने पहिल्याच दमात सांगितले असते. मला ते माहीत होते. म्हणूनच वाचली नाही.

मी वकिलांनी सांगितलेल्या दोन्ही वाटा तिला सांगितल्या. आडपडदा ठेवला नाही. तेवढे मी केले.

‘‘म्या कर्ज म्हटलं तं तुले काय होईन?’’

‘‘शपथ खोटी ठरन. अर्ज जाईन. अजूनही काही होऊ शकते.’’

‘‘अन नाई म्हटलं तं?’’

‘‘तुले काहीच भेटणार नाई. कधीच.’’

तिने कपाट उघडून बटवा काढला, बटव्यातून माझी चिठ्ठी काढली, आणि टेबलावर ठेवून तळहाताने तिच्या घड्या दाबल्या. शिक्का अजून निळा होता. तिने ती वाचली नाही. पुन्हा घडी करून बटव्यात ठेवली.

‘‘जेवून जाशीन ना?’’ ती म्हणाली. ‘‘भाकरी टाकतो.’’

मी जेवलो. ती काय सांगणार आहे, हे मी विचारले नाही. विचारले असते तर मलाही काही ठरवावे लागले असते.

तारखेला ती एकटी आली. बडनेऱ्याहून रेल्वेने आली होती. मी स्टेशनवर गेलो नव्हतो. वकील म्हणाले होते, साक्षीदाराबरोबर दिसू नका. पांढरी साडी, हातात बटवा. मागच्या बाकावर बाइंडर मियाँभाई बसले होते. त्यांनी सरकून तिला जागा दिली आणि हळूच ‘‘सलाम, बहेनजी,’’ म्हणाले. त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात ती अमरावतीच्या दवाखान्यात ड्यूटीवर होती.

तिचे नाव पुकारले. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि शपथ घेतली.

बँकेच्या वकिलांनी विचारले, ‘‘ही रक्कम तुम्ही दिली?’’

‘‘हो. म्या दिली.’’

‘‘कर्ज म्हणून?’’

तिने माझ्याकडे पाहिले नाही. न्यायाधीशांकडे पाहिले.

‘‘नाही. भावाले दिले. परत घ्याचे नव्हते.’’

‘‘काही लिखापढी झाली होती?’’

‘‘बहीण-भावात कशाची लिखापढी?’’

बटवा तिच्या हातात होता. दोन्ही हातांनी तो तिने पोटाशी धरला होता.

न्यायाधीश म्हणाले, ‘‘म्हणजे तुमचं यांच्याकडे काही येणं नाही. असं लिहून घेऊ?’’

‘‘लिवा.’’

लेखनिकाने टाइप केले. कळांचा आवाज थांबेपर्यंत मला वेळ होता. मी उभा राहून म्हणू शकत होतो की ही बाई मला वाचवायला शपथेवर खोटे बोलते आहे, ते कर्ज होते, चिठ्ठी तिच्या हातात आहे. एवढी तीन वाक्ये होती. मी बसून राहिलो. नाव गाळले तेव्हा मी मानाचा विचार केला, असे म्हणता येईल. त्या दिवशी मी फक्त माझा विचार केला.

तिने सही केली. अक्षर चांगले आहे तिचे.

बसस्टँडवर मी तिच्या मागे गेलो. ती अमरावतीच्या फलाटाशी बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो.

‘‘खोटं काहून बोलली?’’

‘‘खोटं कोणतं? तू शपथेवर लिवलं तेच म्या शपथेवर सांगितलं. आता दोघाइचं सारखं झालं.’’

‘‘मी फेडीन सारे पैसे.’’

‘‘काय फेडशीन? काही येणं नाई म्हणून लिवून घेतलं ना साहेबानं?’’

गाडी लागली. ती उठली. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण तिने ती आधीच उचलली होती. खिडकीची जागा मिळाली तिला. गाडी निघेपर्यंत ती समोरच्या सीटकडे पाहत होती.

माझा अर्ज मंजूर झाला. मशीन बँकेकडे गहाण होती, ती बँकेने विकली. कटिंग मशीन, कागदाचा साठा, शहराबाहेरचा एक भूखंड रिसिव्हरने विकला, आणि वाटणी यादीप्रमाणे झाली. बाइंडरांना त्यांच्या मजुरीचा काही भाग मिळाला. दूधवाल्यालाही मिळाला. अमरावतीच्या दोन खोल्या घरमालकाने दुसऱ्याला विकल्या. नव्या मालकाने तिला भाड्याने राहू दिले. काही वर्षांनी मुक्ततेचा आदेश हातात आला. लोक मला विचारतात की त्या दिवशी कसे वाटले. मी सांगतो की आदेशाची नक्कल काढायला अर्ज द्यावा लागतो, आणि ती लवकर मिळत नाही.

बहीण त्यानंतर अकोल्याला आली नाही. माझ्या पत्नीशी फोनवर बोलते. नातवाच्या तापाची, लोणच्याची, सगळी चौकशी करते. फोन माझ्या हातात दिला तर ‘बरा आहेस ना’ म्हणते आणि मी ‘हो’ म्हणालो की ठेवते.

मी आता दुसऱ्याच्या छापखान्यात मुद्रिते तपासतो. मिळते त्यातला एक भाग महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यात भरू लागलो. आठ-दहा दिवसांत तेवढीच रक्कम माझ्या खात्यात परत येई. कमी नाही, जास्त नाही. ती फोनवरून पैसे पाठवत नाही. म्हणजे दर महिन्याला ती बँकेत जाऊन, रांगेत उभी राहून, पावती भरत होती. दोन वर्षे असे चालले. पत्नी म्हणाली, ‘‘बंद करा ना आता.’’ मी बंद केले नाही. ते आमचे बोलणे होते.

गेल्या पावसाळ्यानंतर एका महिन्यात पैसे परत आले नाहीत. पंधरा तारीख गेली, वीस गेली. मी पासबुक भरून आणले, नोंद नव्हती. मी पत्नीला सांगितले की तिने ठेवून घेतले. सांगून मी अंगणात गेलो. दुसऱ्या दिवशी अमरावतीची गाडी धरली.

दार उघडायला तिला वेळ लागला. ती वाळली होती. अंगावर शाल होती.

‘‘ताप होता,’’ ती म्हणाली. ‘‘डेंग्यू. दवाखान्यात नाई राह्यली, घरीच काढला. बस.’’

‘‘कळवलं नाई?’’

‘‘कोणाले?’’

तिने चहा ठेवला. मी उठून मदत करू लागलो तर तिने हाताने बसायची खूण केली. कप माझ्यापुढे ठेवून ती खुर्चीत टेकली, थोडा वेळ दम घेतला.

‘‘बँकेत जाणं झालं नाई या महिन्यात,’’ ती म्हणाली. ‘‘तुले वाटलं असन ठेवून घेतले.’’

मी कपाखालची बशी सरळ केली.

‘‘दादा, हे कशाचे पैसे धाडतो तू?’’

‘‘भाऊ बहिणीले देतो ते.’’

‘‘ते भाऊबीजेले देतात. ताटात. बँकेत नाई.’’

‘‘मंग भाऊबीजेले येऊ?’’

ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

‘‘चहा थंडा होऊन राहिला,’’ ती म्हणाली.

मी चहा प्यालो. तिने भिंतीला धरून कपाटापर्यंत जाऊन चेकबुक काढले, चष्मा लावला, आणि टेबलावर वाकून सावकाश लिहिले. पहिली सही वाकडी आली, म्हणून तिने ती पुन्हा केली.

‘‘आलाच हायेस तं घेऊन जाय. माही चक्कर वाचली.’’

मी चेक घेतला. नको म्हणायला मला जागा नव्हती. माझे तिला काही देणे नाही, असे तिने न्यायालयात शपथेवर सांगितले होते, आणि मी तिथे बसून ते लिहू दिले होते.

चेक खिशात ठेवून मी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली. वहिनीला विचारले म्हणून सांग, म्हणाली. मी जिना उतरत असताना वरून कडी लागल्याचा आवाज आला.